केरबा पेशंटवर लक्ष ठेवतो

कोण्या एका बाजारगावात केरबा म्हणून एक माणूस राहायचा. भोळा होता. आता भोळी माणसं कुठल्या गावात नसतात? पण केरबाची तऱ्हाच निराळी. सांगितलेलं काम तो कधी विसरत नसे. जसं सांगितलं तसंच करायचा, जेवढं सांगितलं तेवढंच करायचा. अडचण एवढीच, की एका जागी सांगितलेलं तो दुसऱ्या जागी करायचा. त्याची बायको हौसा म्हणायची, "तुम्ही एखादी गोष्ट विसरलात ना, तर मी देवाला नारळ फोडीन."

केरबा काही विसरला नाही आणि तो नारळ काही फुटला नाही.

त्या गावात डॉक्टर निमकरांचा आठ खाटांचा दवाखाना होता. तिथं केरबा मदतनीस म्हणून लागला. पेशंटला पाणी द्यायचं, कूस बदलायला हात द्यायचा, भांडं न्यायचं-आणायचं, चादरी बदलायच्या. औषधं, इंजेक्शनं सगळी रत्नमाला सिस्टरकडे. बाई कामाची, तोंडानं जरा कडक, पण मनानं लोण्यासारखी.

तीन नंबरच्या खाटेवर आबाजी खराडे होते. पलीकडच्या वाडीचे. पंच्याहत्तरी उलटलेली. पायाला जखम झालेली आणि अंगात साखर, त्यामुळं जखम भरता भरत नव्हती. तीन आठवडे झाले होते, म्हातारा छताकडे बघून दिवस मोजत होता. कारण शुक्रवारी त्यांच्या नातीचं लग्न होतं. छबीचं. छबीचे आईबाप ती पाळण्यात असतानाच गेले. आबाजींनीच तिला मांडीवर वाढवली, वेणी घालायला शिकले, शाळेत सोडायला गेले. पोरीनं सांगून ठेवलं होतं, "आबांच्या हातच्या अक्षता डोक्यावर पडणार नसतील, तर मी अंतरपाटासमोर उभीच राहायची नाही." आणि छबी बोलली की ते झालंच म्हणून समजा. आजोबाचंच रक्त.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी आबाजींचा पाय पाहिला आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत ताप आला नाही, पायाला सूज आली नाही, तर चार तास सोडतो. नाहीतर नाही. मग मला गळ घालायची नाही."

"नाही घालत," आबाजी म्हणाले, आणि लगेच केरबाकडे वळले. "केरबा, लेका, माझ्यावर नजर ठेव. काही वाकडं दिसलं तर वेळेत सांग, म्हणजे वेळेत बरं होऊन मला लग्नाला जाता येईल."

"ठेवतो," केरबा म्हणाला.

सिस्टरनं त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. "हे बघ केरबा, पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ तू असतोस. आम्हाला दिसत नाही ते तुला दिसतं. तेव्हा पेशंटमध्ये काही वेगळं दिसलं की लगेच येऊन सांगायचं. बारीकसारीक असलं तरी. थांबायचं नाही."

"थांबणार नाही," केरबा म्हणाला, आणि स्टूल घेऊन आबाजींच्या पुढ्यात बसला.

सिस्टर बाळंतपणाच्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांत केरबा दारात.

"सिस्टरबाई, आबाजींनी टोपी काढली."

"बरं."

तीन मिनिटांनी पुन्हा. "आबाजींनी टोपी घातली."

मग आबाजी डाव्या कुशीवर वळले. मग उजव्या. मग त्यांनी जांभई दिली. मग खिडकीत कावळा आला, आणि आबाजींनी कावळ्याकडे बघितलं. मग कावळा उडाला, आणि आबाजींनी बघायचं थांबवलं. बाराव्या खेपेला केरबा आला तेव्हा बाळ नुकतंच बाहेर येत होतं. तो म्हणाला, "आबाजी हसले."

"का हसले?"

"मी तुमच्याकडे पळत येतोय म्हणून."

बाळ रडलं, बाळंतीण हसली, सिस्टरनं कपाळाला हात लावला. हात धुऊन त्या बाहेर आल्या. "अरे बाबा, असलं वेगळं नव्हे. खुणा सांगते, त्या लक्षात ठेव. ताप. सूज. धाप लागणं. दरदरून घाम. अंग किंवा डोळे पिवळे. हाक मारली तरी ओ न देणं. माणसाच्या अंगाला हात लावून बघत जा. गरम लागलं की पगडी-सदरा उतरव, ओल्या फडक्यानं पुसून काढ, मग मला बोलव. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. बोटांवर मोजून त्यानं सगळ्या खुणा पाठ केल्या.

दुपारी आबाजींचे होणारे व्याही आले, रंगराव पाटणे. वैशाखाचं ऊन, आणि गडी सायकल मारत आलेला. डोक्याला नवा कोरा फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा. ते येऊन "राम राम, आबाजी" म्हणाले, इतक्यात केरबानं त्यांच्या मानेवर पालथा हात ठेवला.

मान तापलेल्या तव्यासारखी होती. घामही होता. धापही होती. तीन खुणा एकदम.

"चला," केरबा म्हणाला.

"कुठं चला?"

केरबानं त्यांना चार नंबरच्या रिकाम्या खाटेवर आडवं केलं. फेटा सोडवला, सदरा उतरवला, आणि बादलीतलं फडकं पिळायच्याही भानगडीत न पडता त्यांना कपाळापासून नाभीपर्यंत पुसून काढलं. रंगराव ओरडत होते. ओरडणाऱ्याला पुसायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं.

आबाजी खाटेवरून म्हणत होते, "व्याहीबुवा, रागावू नका, पोरगा चांगला आहे."

"चांगला?" रंगराव म्हणाले. त्यांच्या मिशीतून पाणी गळत होतं. "लग्नाआधीच मला आंघोळ घातली यानं. लग्नात काय करील?"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी रंगरावांना टॉवेल दिला, चहा दिला, माफी मागितली. मग केरबाला म्हणाल्या, "अरे, ते पेशंट नाहीत. धडधाकट माणसाला उगीच खाटेवर घालायचं नाही. बऱ्या माणसाला दवाखान्यात आणायचंच नाही. आणि हात लावायच्या आधी तोंडानं विचारायचं. बाबा रे, काय होतंय, कुठं दुखतंय? तो सांगेपर्यंत अंगाला बोट लावायचं नाही."

"आधी विचारायचं," केरबा म्हणाला. "सांगेपर्यंत बोट लावायचं नाही."

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकात भाजीवाली सखूबाई चक्कर येऊन पडली. पाटी एकीकडे, सखूबाई एकीकडे, वांगी रस्ताभर. केरबा फाटकाशीच होता. तो तिच्याजवळ मांडी घालून बसला.

"सखूमावशी," तो म्हणाला, "काय होतंय?"

सखूबाई काही बोलली नाही.

"कुठं दुखतंय?"

तरी नाही. केरबाला घाई नव्हती. बाईमाणूस आहे, सांगायला लाजत असेल. त्यानं एकेक करून वांगी गोळा केली, पाटीत रचली, आणि पुन्हा विचारलं, "मावशी, सावकाश सांगा. मी बसलोय."

येणारेजाणारे बघायचे. दोघंजण बसलेत म्हणजे गप्पा चालल्या असतील असं समजून पुढं जायचे. एकानं वांग्यांचा भावही विचारला. शेवटी सिस्टरनं खिडकीतून बघितलं. त्या तांब्या घेऊन पळत आल्या, सखूबाईच्या तोंडावर पाणी मारलं, खांदे हलवले, मोठ्यानं हाका मारल्या. सखूबाईनं डोळे उघडले. उपासानं चक्कर आली होती. तिला आत नेऊन साखरपाणी पाजलं.

"मी विचारत होतो," केरबा म्हणाला.

"अरे, जो उत्तर देत नाही त्याला विचारत बसतात का? उत्तर न देणं हीच सगळ्यात मोठी खूण. तिथं बोलत बसायचं नाही. दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं, तोंडावर पाणी मारायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं."

"ओरडायचं," केरबा म्हणाला. त्याला बरं वाटलं. हे काम त्याला जमण्यासारखं होतं.

बुधवारी डॉक्टर वॉर्डात आले. आबाजींना उठून बसवलं, कानात नळी अडकवली आणि पाठीला लावून ऐकू लागले. डोळे मिटलेले. अशा वेळी डॉक्टरांना बाहेरचं काही ऐकू येत नाही.

केरबा जवळ आला. "डॉक्टरसाहेब, चहा आणू?"

डॉक्टर गप्प.

"साखरेचा का बिनसाखरेचा?"

डॉक्टर गप्पच. डोळेही उघडेनात. केरबानं सिस्टरकडे बघितलं. त्या कपाटातून गोळ्या काढत होत्या. मग त्यानं जास्त वेळ घालवला नाही. डॉक्टरांचे खांदे धरून चिंचेचं झाड हलवावं तसे गदागदा हलवले, खाटेखालची बादली उचलून अख्खी त्यांच्या तोंडावर मारली, आणि पार बाजारपेठेत ऐकू जाईल असं ओरडला, "डॉक्टर गेले हो, डॉक्टर गेले."

बाजारपेठेत दोन दुकानं बंद झाली. शाळेत मास्तरांनी मुलांना दोन मिनिटं उभं केलं. आणि इकडं डॉक्टर चष्म्यावरचं पाणी पुसत उभे होते.

एवढं झालं असतं तरी चाललं असतं. पण बादलीतलं निम्मं पाणी आबाजींच्या पायावर गेलं होतं. पट्टी चिंब भिजली होती. डॉक्टरांनी ती सोडली, जखम पुसली, औषध घातलं, नवी पट्टी बांधली. शेवटी म्हणाले, "आता शुक्रवारचं मला सांगता येणार नाही. उद्या संध्याकाळी बघू. ओलीनं जखम चिघळली, तर लग्न विसरा."

आबाजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यांनी टोपी घातलीही नाही आणि काढलीही नाही. केरबानं हे बघितलं. पण टोपीचं सांगायचं नाही असं त्याला बजावलं होतं, म्हणून तो गप्प राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. कपडे अजून गळत होते. "केरबा, यापुढं ओरडायचं नाही. कुणाला काय झालंय, हे पेशंटला सांगायचं नाही, नातेवाइकांना सांगायचं नाही, बाजाराला तर मुळीच नाही. कुणी काही विचारलं, तर तोंड मिटायचं. 'सिस्टरकडे चला,' एवढंच म्हणायचं."

"तोंड मिटायचं," केरबा म्हणाला, आणि मिटलं.

तासाभरानं एक माणूस हातात पेढे घेऊन पळत आला. सोमवारच्या त्याच बाळंतिणीचा नवरा. कामाला परगावी गेलेला, निरोप उशिरा मिळालेला. त्यानं केरबालाच गाठलं. "अहो दादा, आमच्या मंडळींचं काय झालं? मुलगा का मुलगी?"

केरबानं ओठ मिटले. मान खाली घातली. जड आवाजात म्हणाला, "सिस्टरकडे चला."

"अहो, निदान दोघं सुखरूप तरी आहेत ना?"

केरबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. "मला बोलायची परवानगी नाही. चला."

माणूस जागच्या जागी कोसळला. पेढे गडगडत खाटेखाली गेले. आत बायको पाय पसरून डिंकाचा लाडू खात होती, आणि लेक तिच्या कुशीत हातपाय झाडत होती.

नवरा शुद्धीवर आल्यावर सिस्टर केरबाला म्हणाल्या, "सांगायचं नाही म्हणजे तोंड पाडायचं असं नव्हे रे. हसत राहायचं. माणसाला धीर वाटला पाहिजे."

"हसत राहायचं," केरबा म्हणाला, आणि हसायला लागला.

गुरुवारी दुपारी नामदेव शिंपी आला. म्हणाला, "केरबा, दोन दिवस अन्नावर वासना नाही बघ. आणि बायको म्हणते डोळे पिवळे दिसतात. खरं का?"

केरबानं बघितलं. पिवळे होते, पिकल्या हापूससारखे. त्याला भीती वाटली. पण माणसाला धीर वाटला पाहिजे. म्हणून तो तोंडभर हसला आणि म्हणाला, "आंब्याचे दिवस आहेत. आमरस जास्त झाला असेल. उतरेल आपोआप."

शिंपी खूश होऊन निघाला. फाटकात सिस्टर भेटल्या म्हणून बरं. त्यांनी एका नजरेत ओळखलं, हाताला धरून आत आणलं, डॉक्टरांपुढं बसवलं. कावीळ होती.

मग मात्र सिस्टर खाली बसल्या. रागावल्या नाहीत. थकलेल्या आवाजात बोलल्या, आणि केरबाला तेच जास्त लागलं.

"केरबा, कशानं झालं हे तू ठरवायचं नाहीस. मीही ठरवत नाही. ते डॉक्टर ठरवतात. पिवळं दिसलं तर पिवळं. आंबा असेल, ऊन असेल, असलं काही मनात आलं, तर ते मनातच ठेव. माणूस घेऊन ये, बस."

"आणि मनातलं खरं असलं तर?"

"तरीसुद्धा."

केरबानं हे काळजावर कोरून ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी आबाजींची पट्टी सोडली. वॉर्डातल्या आठही खाटांचं लक्ष तिकडं. डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली, पाय चाचपला, ताप मोजला. मग चष्मा वर केला. "ताप नाही. सूज नाही. जखम कोरडी आहे. जा लग्नाला. पण एकटं नाही. आमचं माणूस बरोबर पाहिजे."

आता माणूस कुठून आणायचं? सिस्टरकडे दोन बाळंतिणी अडलेल्या. दुसरी मदतनीस पारूबाई तिच्या माहेरी गेलेली. उरला केरबा.

"मला केरबाच द्या," आबाजी म्हणाले. "चार दिवस माझ्याकडं एवढं टक लावून माझ्या आईनंसुद्धा बघितलं नसेल."

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या जीपगाडीत आबाजींना बसवताना सिस्टरनं केरबाला शेवटचं सांगितलं. "ताप, सूज, धाप, घाम, पिवळेपणा, ओ न देणं. यातलं एक जरी दिसलं, तर तिथं क्षणभर थांबायचं नाही. मिळेल त्या गाडीत घालून इथं आणायचं. आबाजींना कुणी काही लावू देऊ नकोस, जखमेला चालणार नाही. आणि मांडवात आरडाओरडा नको."

कुणात दिसलं तर, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या कुणाला सांगायची गरजही पडली नसती.

जीप वाडीत आली, आबाजींना सोडून परत गेली. मांडव सुरेख घातला होता. आंब्याची पानं, केळीचे खांब. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, त्यामुळं मांडवात अजून कोणी नव्हतं. एका बाजूला सनईवाला तेवढा सूर लावत बसला होता. घरातली सगळी माणसं मागच्या परसात होती. केरबानं आबाजींना पुढच्या खुर्चीत बसवलं, पाय उशीवर ठेवला. कपाळाला हात लावला, गार. डोळे बघितले, पांढरे. पाय बघितला, सूज नाही. धाप नाही, घाम नाही. "आबाजी," त्यानं हाक मारली.

"ओ," आबाजी म्हणाले.

आबाजी अगदी ठणठणीत होते.

"मी जरा पाणी घेऊन येतो," केरबा म्हणाला, आणि परसात गेला. आणि दारातच थबकला.

परसात छबी पाटावर बसली होती. तिचं तोंड पिवळं. हात पिवळे, पाय पिवळे. शेजारी मावशी, तीही पिवळी. पाच करवल्या, पाचही पिवळ्या. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन बायका आल्या होत्या, त्यांच्या गालांना आणि कपाळाला पिवळं. त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घेऊन आलेले रंगराव कोपऱ्यात उभे होते, त्यांच्याही मिशीला कुणीतरी पिवळं फासलेलं. चुलीपाशी आचारी होता, त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. सगळ्यांना घाम. गाणी म्हणून म्हणून बायकांना धाप. आणि छबीच्या डोळ्यांत पाणी, कारण पाटावरून उठता येत नव्हतं आणि आबा आले की नाहीत हे अजून तिला कळलं नव्हतं.

केरबाच्या मनात आलं, ही हळद आहे.

त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याला लावली होती. हौसालाही लावली होती. हळदच असणार. अगदी हळदच.

पण मनात आलेलं मनातच ठेवायचं होतं. कशानं ते त्यानं ठरवायचं नव्हतं. पिवळं दिसलं तर पिवळं. आणि इथं एक नाही, दोन नाही, अख्खं लग्नघर पिवळं होतं. तरी तो ओरडला नाही. हसत हसत पुढं गेला.

"सगळ्यांनी दवाखान्यात चला," तो म्हणाला. "लगेच."

गाणं थांबलं. छबी उठून उभी राहिली. "केरबादादा, आबांना काही झालं का?"

नातेवाइकांना काही सांगायचं नव्हतं. केरबा तोंड मिटून हसला.

"दादा, सांगा ना. आबा बरे आहेत ना?"

केरबा आणखी थोडा हसला. "सिस्टरकडे चला."

ते हसू बघून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जीप आलेली आणि परत गेलेली तर सगळ्यांनी ऐकली होती. मावशी म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्याला तसाच परत नेला ग बाई," आणि तिनं हंबरडा फोडला. मग कोण थांबतंय? परसाच्या मागच्या फाटकापाशी ट्रॉली उभीच होती. छबी चढली, मावशी चढली, करवल्या चढल्या. आचारी कढईवर झाकण ठेवून चढला. रंगराव ट्रॅक्टर चालू करायला धावले, पण वाटेत केरबाकडं वळून म्हणाले, "मला हात लावशील तर खबरदार."

"नाही लावत," केरबा म्हणाला. "तुम्ही आपणहून येताय."

सगळे चढल्यावर केरबानं मोजून घेतले. एकोणीस. मग तो एकदा मांडवात जाऊन आला, आणि शेवटी स्वतः चढला. मागच्या वाटेनं ट्रॉली निघाली. ट्रॉलीत पिवळी माणसं गळ्यात गळे घालून रडत होती, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यातला केरबा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघून हसत होता. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन हात जोडत होते.

साडेदहाला ट्रॉली दवाखान्याच्या दारात आली. छबी उडी मारून आत पळाली ती थेट तीन नंबरच्या खाटेकडे. खाट रिकामी. चादर बदललेली, उशी नीट मांडलेली. ते बघितलं आणि पोरीनं खाटेचा दांडा घट्ट धरला. मागून आलेल्यांनी रिकामी खाट बघितली, आणि मग वॉर्डात जो काही आकांत झाला, तो ऐकून नामदेव शिंपी सलाईनसकट उठून बसला.

सिस्टर बाळंतपणाच्या खोलीतून आल्या. "काय झालं? कोण गेलं?"

"आबा," छबी म्हणाली. "माझे आबा."

"आबाजी? अग, ते तर तुझ्याच लग्नाला गेलेत."

सगळा आकांत एकदम थांबला. कुणाचा तरी एक हुंदका सुटायचा राहिला होता, तेवढा सुटला. सिस्टरनं समोर बघितलं. पिवळी नवरी. पिवळ्या करवल्या. पिवळे रंगराव. हात कोपरापर्यंत पिवळे असलेला एक माणूस, त्याला त्या ओळखतसुद्धा नव्हत्या.

"केरबा," सिस्टर म्हणाल्या.

केरबा पुढं झाला. "सिस्टरबाई, एकोणीस आहेत. सगळे पिवळे. कशानं ते मी ठरवलेलं नाही."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. केरबा काळजीनं एक पाऊल पुढं आला, बादली कुठं आहे ते त्यानं बघून ठेवलं. पण सिस्टर उत्तर द्यायच्या बेतात होत्या, फक्त शब्द सापडत नव्हते. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी वऱ्हाड बघितलं, घड्याळ बघितलं. "मुहूर्त कधीचा?"

"बारा पस्तीस," रंगराव म्हणाले.

"मग वेळ आहे. चला, चढा सगळे परत."

"पण आबा कुठं आहेत?" छबी म्हणाली. ती खाटेचा दांडा सोडायला तयार नव्हती. "इथं नाहीत, परसात नव्हते. आबा दिसल्याशिवाय मी हलायची नाही."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी केरबाचे दोन्ही खांदे धरले. "केरबा, तुला एकाच माणसावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. आमचा पेशंट कुठं आहे?"

"मांडवात," केरबा म्हणाला.

"एकटा?"

"एकटे कशानं? सनईवाला आहे की. तोही पिवळा नव्हता."

"अरे, सगळं लग्नघर उचलून आणलंस आणि आबाजींना तेवढं ठेवून आलास? का?"

केरबाला या प्रश्नाचं नवल वाटलं. कारण या वेळी त्यानं एकही चूक केली नव्हती.

"सिस्टरबाई, सगळ्या लग्नात तेवढा एकच माणूस धडधाकट निघाला. बऱ्या माणसाला कशाला दवाखान्यात आणायचं? त्यांच्या मुठीत अक्षता देऊन आलोय. म्हटलं, आबाजी, तुम्ही बसा. वऱ्हाड बरं झालं की घेऊन येतो."